उबर्टी, पिएत्ता की रुगर? नाव राहू दे, नग बघ

प्रश्न विचारणारा मुलगा मूळचा पारोळ्याचा, आता टेक्सासात नोकरीला. तिथल्या काउबॉय नेमबाजीच्या क्लबात तो चार-पाच रविवार जाऊन आला, दुसऱ्यांची रिव्हॉल्व्हर चालवून पाहिली, आणि आता स्वतःची जोडी घ्यायची म्हणतो. १८७३ च्या कोल्टच्या धर्तीवर बनणाऱ्या सिंगल ॲक्शनमध्ये (दर फैरीआधी हॅमर हातानं मागे ओढावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरमध्ये) इटलीची उबर्टी घ्यावी, इटलीचीच पिएत्ता घ्यावी, की अमेरिकन रुगर? का थोडं थांबून खरी कोल्टच घ्यावी? 'दुकानदार एक सांगतो, क्लबातले चार जण चार सांगतात. काका, तुम्ही हे काम केलंय, तुम्ही सांगा.'

सांगतो भाऊ. आधी माझा हात कशावर बसलाय ते ऐक, म्हणजे सल्ल्याला किती वजन द्यायचं ते तुला ठरवता येईल. वरणगावच्या आयुध निर्माणीत टूलरूमला मी बावीस वर्षं काढली. तिथे गोळ्या बनतात, बंदुका नाही. पण एका थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, फरक बोटाला कळायला लागला तो तिथे. पुढे मुलीकडे टेक्सासला गेलो आणि फोर्ट वर्थच्या बाजूला एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात तेरा वर्षं बाकावर बसलो. त्या भागात सिंगल ॲक्शनचं वेड फार. आठवड्याला पाच-सात तरी नग उघडायचो. आता सावद्याला परत आलोय, केळीच्या बागेत असतो, पण हात अजून विसरलेले नाहीत.

कायद्याचं आधी बोलू, कारण आपली मुलं तिथेच अडकतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसानं अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्यानं सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडेच अपवाद आहेत. तुझं ग्रीन कार्ड झालंय असं तू लिहिलंस, म्हणून मी पुढचं लिहितोय. तुझ्यासोबत येणारा मित्र अजून व्हिसावर असेल तर त्याच्या हातात देण्याआधी वकिलाला विचार. आणि ही वस्तू सुट्टीत घरच्यांना दाखवायला म्हणून सामानात टाकायची नाही, तिचा एक स्क्रूसुद्धा नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच शस्त्रं ठेवता येतात. विमानतळावर 'ही नुसती प्रतिकृती आहे' हे कोणी ऐकून घेणार नाही, कारण ती खरीखुरी चालणारी बंदूक आहे.

आता मुद्द्यावर. तुम्ही सगळे विचारता 'कोणत्या कंपनीची'. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला जाणता माणूस काय करतो? मारवाडी का काठेवाडी हे तो विचारतो, पण पैसे त्यावर देत नाही. दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो, पाठीवरून हात फिरवतो. एकाच जातीचे, एकाच दावणीचे दोन घोडे सारखे निघत नाहीत. सिंगल ॲक्शनचंही तेच आहे. ही १५० वर्षांपूर्वीची रचना आहे. आत मोजके सुटे भाग, पण ते एकमेकांवर हातानं बसवावे लागतात. शुक्रवारी संध्याकाळी घाईत बसवलेला नग आणि मंगळवारी सकाळी निवांत बसवलेला नग यांत फरक राहतो, मग वर नाव कुणाचंही असो. तेरा वर्षांत मी खराब उबर्टी पाहिली, खराब पिएत्ता पाहिली, टायमिंग (सिलिंडर वेळेवर फिरून नेमका बसणं) बिघडलेली कोरी कोल्टही पाहिली.

कंपनीचं नाव एवढंच सांगतं की हा नग बिघडला तर कुठे बिघडेल. तेही कामाचं आहे, पण नंतरचं.

काउंटरवर उभा राहिलास की पहिलं काम: गेट (गोळ्या भरायचं बाजूचं झाकण) उघड, घोडा हाफ कॉकवर, म्हणजे अर्धा ओढून, आण (हॅमरला आपण घोडाच म्हणतो, मीही तेच लिहितो) आणि सिलिंडर फिरवत सहाही चेंबर, म्हणजे गोळ्यांची घरं, डोळ्यांनी बघ. दुकानदारानं बघितलं असेल तरी तू बघ. मग परवानगी घेऊन घोडा एकदा पूर्ण ओढून अंगठ्यानं हळू खाली आण, आणि तिथून अगदी सावकाश मागे ओढ आणि कान दे. जुन्या कोल्टमध्ये चार टकटक येतात. तिकडे गमतीनं म्हणतात की कंपनीच्या नावातली चार अक्षरंच ऐकू येतात. पहिली सुरक्षा खाचेची, दुसरी हाफ कॉकची, तिसरी बोल्ट (सिलिंडर जागेवर अडवणारी खुंटी) सुटून सिलिंडरवर पडल्याची, चौथी फुल कॉकची, म्हणजे घोडा पूर्ण ओढला गेल्याची. तिसरी आणि चौथी जवळजवळ एकत्र यायला हव्यात, आणि चौथी आली तेव्हा बोल्ट खाचेत घट्ट बसलेला हवा.

पुन्हा तेच कर, पण या वेळी डाव्या हाताचा अंगठा सिलिंडरला हलका टेकवून थोडा अडसर दे. फुल कॉक झाल्यावरही सिलिंडर बोटानं थोडा पुढे ढकलून मग 'टक' होत असेल, तर सिलिंडर फिरवणारा हँड आखूड पडतोय. जोरात ओढल्यावर सिलिंडर स्वतःच्या वेगानं पुढे जाऊन बसतो आणि दोष झाकला जातो. सावकाश ओढल्यावर लपत नाही. ही परीक्षा सहाही चेंबरवर करायची. पाच बरोबर आणि एक चुकीचा असे नग मी कितीतरी पाहिलेत, आणि गिऱ्हाइकाला तो सहावा वर्षभर कळलेला नसायचा.

मग सिलिंडरच्या अंगावर बघ. खाचांच्या रांगेत सगळ्या बाजूंनी रेघ उमटली असेल तर बोल्ट लवकर पडून घासतोय. जुन्या वापरलेल्या नगावर ती रेघ बहुधा मागच्या मालकानं दिलेली असते: हाफ कॉकवरून घोडा तसाच खाली सोडला की बोल्ट दोन खाचांच्या मधे पडतो आणि पुढच्या वेळी ओरखडा ओढत जातो. कोल्ट पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा उचलला की फुल कॉकपर्यंत न्यायचा आणि तिथूनच अंगठ्यानं हळू खाली आणायचा. दुकानात लागल्यावर पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या कोऱ्या सिलिंडरवर अशी रेघ माझ्या हातून उमटली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून हाफ कॉकवरची वस्तू कुणाच्या हातात देताना मी आधी हे सांगतो, मग देतो.

फुल कॉकवर असताना चापाला हात न लावता घोड्याला मागून अंगठ्यानं पुढे दाब. तो पडता कामा नये. पडला तर तो नग तिथेच ठेव, कितीही स्वस्त असो.

मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. चार-पाच डॉलरची वस्तू आहे, खिशात घेऊन जा. सिलिंडरचं तोंड आणि नळीची मागची कड यांतली फट चार ते आठ थाऊ असावी. दहाच्या वर गेली की गॅस आणि शिशाचे कण बाजूला उडतात. तीनच्या खाली असेल तर काजळी धरली की पाचव्या-सहाव्या फैरीला सिलिंडर जड जातो. फट मोजताना सिलिंडर मागे दाबून धर, नाहीतर पुढे-मागे होण्याची ढिलाई मापात मिसळते. ही ढिलाई वेगळी बघ: बोटांत धरून पुढे-मागे हलव, दोन-तीन थाऊ ठीक, खडखड वाजली तर नको.

एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. चांगला दुकानदार हसून उभा राहतो. जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नकोस.

आता नावांकडे येऊ. ही नकलांची दुनिया उभी राहिली १९५० च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ला येत होती आणि जुन्या कॅप अँड बॉल (काडतूस नाही, दारू आणि गोळी सुटी भरायची) रिव्हॉल्व्हरची मागणी वाढली होती. न्यू जर्सीच्या नेव्ही आर्म्सचे व्हॅल फोर्गेट इटलीला गेले आणि आल्दो उबर्टी यांच्याकडून १८५१ च्या कोल्ट नेव्हीची नक्कल बनवून घेऊ लागले. उबर्टीचा कारखाना १९५९ चा, उत्तर इटलीत ब्रेशाजवळच्या व्हाल त्रोम्पिया खोऱ्यात. त्या खोऱ्याचा धंदाच शतकानुशतकं लोखंड आणि बंदुकीच्या नळ्यांचा. बेरेट्टा घराण्याची १५२६ सालची नळ्यांच्या विक्रीची नोंद आहे, यावरून अंदाज कर. पुढे २००० च्या सुमारास उबर्टीही बेरेट्टाच्याच छत्राखाली गेली. पिएत्ता १९६० च्या दशकातली, तिथून जवळच गुस्सागो गावातली. दोघांचाही माल गार्दोनेच्या सरकारी प्रूफ हाउसमधून जातो. तिथे प्रत्येक नग नेहमीपेक्षा जास्त दाबाची गोळी झाडून तपासतात आणि मगच शिक्का पडतो. चौकटीतल्या दोन अक्षरांवरून तपासणीचं साल कळतं. जुना नग घेताना विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा ती अक्षरं बघ. आपल्या सातपुड्याच्या कडेला गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या तू लहानपणापासून वाचल्या असशील. त्यातल्या नळीचं पोलाद काय, त्याला पाणी दिलंय का, दाब किती सोसेल, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. पोलाद, पाणी आणि तपासणी या तीन गोष्टी कागदावर असणं म्हणजे काय, हे मला कारखान्यात असल्यापासून कळतं. म्हणून मी त्या शिक्क्याला मान देतो.

अजून एक गोंधळ मिटवतो. दुकानात तुला सिमारॉन दिसेल, टेलर्स दिसेल, ईएमएफ दिसेल, आणि प्रत्येकाला वाटतं ही वेगळी कंपनी. हे आयातदार आहेत. रावेर-यावलची केळी दिल्लीत पोचते तेव्हा खोक्यावर कुठल्यातरी व्यापाऱ्याचं नाव असतं, बाग आपलीच असते, तसं. सिमारॉनचा बराच माल उबर्टीचा, काही पिएत्ताचा. ईएमएफची 'ग्रेट वेस्टर्न टू' पिएत्ताची. नळीखाली आणि फ्रेमवर खऱ्या कारखान्याची खूण असते, ती शोध. आयातदारानुसार फरक पडतो तो बाहेरची पॉलिश, मूठ, आणि काही जण चाप-घोडा हातानं हलका करून देतात त्यात. या शेवटच्या गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे देणं मला पटतं, कारण तेच काम नंतर माझ्यासारख्याकडून करून घेतलंस तर त्याहून जास्त जातील.

उबर्टीचं बाहेरचं काम सुरेख. लाकूड आणि लोखंड जिथे मिळतं तिथे नख अडकत नाही. फ्रेमवरचे निळे-तपकिरी ढग बघून लोक भुलतात. ते दिसायला छान, पण जुन्या हाडाच्या कोळशाच्या पद्धतीचं काम वेगळं असतं, तेव्हा रंगावरून ताकद मोजू नकोस. आत घोड्याची आणि चापाची धार बरी येते. स्क्रू मात्र मऊ. साध्या पाचरीच्या स्क्रूड्रायव्हरनं दोनदा उघडलेस की खाचा चघळल्यासारख्या होतात. बोल्ट आणि चाप या दोघांना दाब देणारी दुपाखी पट्टीची स्प्रिंग हा या रचनेचा दुबळा सांधा आहे. ती तुटली की सामन्याचा दिवस गेला. उबर्टीतच तुटते असं नाही, या पद्धतीच्या कुठल्याही बनावटीत तुटते. तारेची स्प्रिंग बसवली की प्रश्न बऱ्यापैकी मिटतो.

अलीकडच्या उबर्टीत घोड्यातली फायरिंग पिन आत ओढली जाते आणि चाप पूर्ण दाबलेला असेल तरच पुढे येते. जुन्यांत बेस पिनला (सिलिंडर ज्यावर फिरतो त्या दांड्याला) दोन खाचा देऊन घोडा अडवायची सोय होती. दोन्ही सोयी असोत, तू पाचच गोळ्या भर. एक भर, एक सोड, चार भर, घोडा पूर्ण ओढ, हळू खाली आण. तो रिकाम्या चेंबरवर येतो. क्लबातही हाच नियम आहे. पहिल्या टकटकीची ती सुरक्षा खाच फार बारीक असते. रिव्हॉल्व्हर घोड्यावर पडली तर त्या खाचेचं टोक तुटू शकतं, आणि खाली गोळी असेल तर सुटते. १८७३ चे जाणते लोकही पाचच भरत.

पिएत्ताबद्दल मी गेलो तेव्हा दुकानात नाक मुरडायचे. आतल्या कडांवर बर (कापताना राहिलेली धातूची खरबरीत टोकं) तसेच राहिलेले, लाकडाची मूठ लोखंडापेक्षा उंच. मी परत आलो तोवर चित्र बदललं होतं. नव्या यंत्रांवरचा माल, मापं एकसारखी, आणि जोडी घेतलीस तर दोन नग एकमेकांशी जास्त जुळणारे. माझ्या बाकावर शेवटच्या तीन-चार वर्षांत आलेल्या काडतुसी पिएत्तात टायमिंगची तक्रार कमी आणि स्प्रिंग फार कडक असल्याची जास्त. कडक स्प्रिंग हलकी करता येते, चुकलेलं टायमिंग दुरुस्त करायला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून आजच्या मालात पिएत्ताला उबर्टीखालची म्हणायला मी तयार नाही.

रुगर ही खरं तर नक्कल नाही. बाहेरून जुन्या कोल्टचा चेहरा, आतून वेगळी वस्तू. सगळ्या स्प्रिंगा वेटोळ्याच्या, त्यामुळे वर्षानुवर्षं तुटत नाहीत. १९७३ पासून आत ट्रान्सफर बार आहे: घोडा पिनवर थेट आपटत नाही, चाप ओढला की मधे पट्टी वर येते आणि तीच ठोका पोचवते. भरताना घोडा उचलावा लागत नाही, गेट उघडलं की सिलिंडर मोकळा. म्हणून जुन्या कोल्टच्या त्या चार टकटकी इथे नाहीत. ज्याला त्या आवाजासाठीच ही वस्तू हवी आहे त्याचं मन रुगरवर बसत नाही, आणि मला ते समजतं. रुगरची फ्रेम ओतीव असते, मेणाच्या साच्याच्या पद्धतीनं, पंचरशी मूर्ती ओततात त्याच कुळातली कला. 'ओतीव म्हणजे कच्ची' असं क्लबात कोणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. योग्य पोलाद आणि योग्य पाणी दिलेली ती फ्रेम मी पाहिलेल्या सगळ्यांत दणकट. तिचा दोष दुसरीकडे: .४५ मध्ये, म्हणजे साधारण .४५ इंच जाड गोळीच्या मापात, सिलिंडरचे थ्रोट (चेंबरची पुढची तोंडं) पुष्कळदा अरुंद येतात. .४५२ ची शिशाची गोळी .४५० च्या भोकातून दाबून निघते, नळीत गेल्यावर सैल पडते, आणि नळी शिशानं माखते. सहाही थ्रोट रीमरनं (भोक मापात वाढवणाऱ्या हत्यारानं) सारखे केले की तीच वस्तू एका भोकात गोळ्या घालते. हे काम मी इतक्यांदा केलंय की डोळे मिटून करीन.

रुगरमध्ये एक धोका मात्र नीट समजून घे. १९९३ ची पहिली व्हाकेरो मोठ्या फ्रेमची, २००५ पासूनची न्यू व्हाकेरो कोल्टच्या मापाच्या जवळची, लहान. गोळ्या घरी भरणाऱ्यांच्या तक्त्यांत 'फक्त रुगरसाठी' म्हणून .४५ चे जे तगडे भार (दारूची मात्रा) असतात, ते मोठ्या फ्रेमसाठी. न्यू व्हाकेरोत ते घालायचे नाहीत, इटालियनमध्ये तर नाहीच. .४५ कोल्टचा मान्य दाब १४,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. त्या आकड्यापलीकडे कोल्टच्या मापाच्या सिलिंडरला नेऊ नये, कारण बोल्टची खाच नेमकी चेंबरच्या सगळ्यात पातळ भिंतीवर येते. आमच्याकडे एक इटालियन नग आला होता, मालकानं मित्राकडून घेतलेल्या तगड्या गोळ्या त्यात झाडलेल्या. दोन चेंबरच्या खाचा आतून बाहेर फुगलेल्या, बोट फिरवलं की लागायच्या. नशीब, कुणाला इजा नव्हती. बनवणाऱ्याचा त्यात काडीचा दोष नव्हता.

याच कारणानं तुला मी .३५७ मॅग्नम सांगतो. त्याच मापाच्या सिलिंडरमध्ये भोक लहान, म्हणून भिंत जाड. वस्तू किंचित जड, म्हणून झटका कमी. त्यात .३८ स्पेशल चालते, जी कुठेही मिळते आणि स्वस्त पडते. तुमच्या खेळात पोलादी पाट्यांवर शिशाच्याच गोळ्या लागतात आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १,००० फुटांच्या आत ठेवायचा असतो, तेव्हा मॅग्नमचा जोर तुला लागणारच नाही. फक्त .३८ चं आखूड काडतूस चेंबरमध्ये काजळीचं कडं सोडतं; दर वेळी ब्रश फिरव. .४५ ला इतिहासाचा मान आहे, जाड काडतुसाचा धूर आणि आवाज वेगळा, हे मान्य. दुसरी जोडी घेशील तेव्हा घे.

नळी साडेपाच इंची. पावणेपाच इंची म्यानातून पटकन निघते, साडेसात इंचीचं निशाण लांबून साधतं, पण शिकताना मधली बरी.

खरी कोल्ट? १८७३ ला अमेरिकन सैन्यानं घेतली, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बनणं थांबलं, टीव्हीवर काउबॉयच्या मालिका आल्या आणि १९५६ ला कंपनीला पुन्हा सुरू करावी लागली. आजही बनते. एका कोल्टच्या पैशांत इटालियन जोडी येते आणि म्यान, पट्टा, गोळ्यांना उरतात. कोल्ट ठेवून विकलीस तर पैसे परत येतात, हे खरं. पण दर रविवारी शंभर-दीडशे फैरी झाडायच्या, धुळीत, घामात, तर नवीन कोल्टवर पहिला ओरखडा पडेल तेव्हा तुझा खेळावरचा जीव उडेल. ती वडिलांच्या घड्याळासारखी घ्यायची वस्तू आहे.

तू विचारलं नाहीस, पण त्या क्लबात गेलेला माणूस वर्षभरात कॅप अँड बॉलकडे वळतोच, म्हणून दोन शब्द. तिथे पिएत्ता माझ्या मते पुढे आहे आणि कारण अगदी मापाचं आहे. १८५१ आणि १८६० च्या कोल्टला वरून पट्टी नसते. नळी आणि फ्रेम यांना जोडणारा एकच जाड दांडा असतो, आर्बर, आणि आडवी पाचर. दांडा नळीखालच्या भोकात तळाला टेकायला हवा. पिएत्तात टेकतो. उबर्टीत तो आखूड असतो, तळाशी पोकळी राहते. मग पाचर जितकी आत ठोकाल तितकी नळी मागे येऊन तिरकी होते, फट कधी चार थाऊ, कधी शून्य, आणि सिलिंडर अडकतो. लोक म्हणतात उबर्टीच्या नळीत दोष आहे. दोष फक्त त्या पोकळीत आहे. पोलादाची छोटी चकती मापात कापून भोकाच्या तळाशी बसवली की तीच उबर्टी पिएत्तापेक्षा गोड चालते. बैलगाडीच्या आखाला चकती घालताना लोहार जे बघायचा तेच इथे बघायचं. पितळी फ्रेमच्या स्वस्त नकलांकडे मात्र जाऊ नकोस. जोरदार भार दिले की पितळ ताणतं आणि ढिलाई परत जात नाही. रेमिंग्टन १८५८ ला वरून पट्टी असल्यानं हे दुखणंच नाही. नवशिक्यानं काळ्या दारूची सुरुवात तिथून करावी.

आणि वरून मोडणारी (गोळ्या भरायला मधून दुमडून उघडणारी) स्कोफिल्डची नक्कल क्लबात कुणीतरी तुझ्या हातात देईलच. सुंदर वस्तू. पण .४५ कोल्टचं लांब काडतूस बसावं म्हणून सिलिंडर वाढवलाय आणि त्यापायी काजळी अडवणारं पुढचं कडं आखूड झालंय. काळी दारू भरलीस तर दोन फेऱ्यांत गच्च बसते. धूररहित दारूवरच चालव.

घेतल्यावर लगेच एकही फैर झाडू नकोस. कारखान्याचं घट्ट तेल केरोसिननं धू, स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणाऱ्या समांतर धारेच्या स्क्रूड्रायव्हरनं सगळे स्क्रू एकदा काढून निळं लॉक-द्रव लावून बसव, कारण हे स्क्रू पन्नास फैरींत सैल पडतात. रिकामा घोडा आपटून सराव करायचा तर रुगरमध्ये चालतं. इटालियनमध्ये चेंबरमध्ये स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) टाकूनच. बोल्ट-चापाची एक आणि हँडची एक स्प्रिंग पेटीत जास्तीची ठेव. उबर्टीचा भाग कोल्टमध्ये किंवा उलट बसेल असं धरू नकोस. आटे वेगळे, आणि जे बसतं ते कानस लावून बसतं. गोळ्या निशाणाच्या खाली लागल्या तर घाबरू नकोस, नळीच्या टोकावरची माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते. पण आधी तुझी गोळी ठरव, दोनशे फैरी झाडून हात स्थिर होऊ दे, मगच ती माशी कानशीनं थोडी थोडी घास. घासलेलं परत लावता येत नाही.

तर माझं मत असं: हातानं काम करायची हौस असेल, घरी उघडून-पुसून ठेवण्यात आनंद वाटत असेल, तर .३५७ ची पिएत्ता किंवा उबर्टी, जी काउंटरवरच्या परीक्षेत पास होईल ती, आणि दोन्ही नग एकाच कारखान्याचे. हातात स्क्रूड्रायव्हर धरायचाच नसेल तर न्यू व्हाकेरो. तू पारोळ्याच्या मोटार-पंपाच्या दुकानात वाढलास असं लिहिलंस. मग तुला पहिलीच आवडेल असं मला वाटतं.

दुकानदाराला सांगून नग एक दिवस बाजूला ठेवायला लाव. सिलिंडरच्या खाचा जवळून, चौकटीतली दोन अक्षरं, आणि फीलर गेज फटीत घातलेलं, असे तीन फोटो पाठव. सावकाश घोडा ओढतानाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलास तर अजून बरं. मी संध्याकाळी बागेतून आलो की ऐकतो. तुझी तेव्हा सकाळ असते.